अब्बांचे पॅनल डॉक्टर

अम्मीच्या लोखंडी पेटीत दोन कार्डं आहेत. एक मरहूम अब्बांचं, कामगार विम्याचं. कोपरे झिजलेले, शाई पुसट झालेली, पण नंबर अजून वाचता येतो. दुसरं अम्मीचं स्वतःचं, 'आयुष्मान वय वंदना' असं लिहिलेलं, नवं कोरं, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. दोन्ही कार्डं सरकारचीच. गेल्या वर्षभरात ही दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवून आम्ही इतक्यांदा पाहिली की त्यांच्यावर चार शब्द लिहावेत असं वाटलं.

आधी एक खुलासा. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक, भिवंडीत राहतो. आमच्या घरात सासूलाही अम्मी आणि आईलाही अम्मीच म्हणतात. तेव्हा ही अम्मी कुणाची, असं वाचकांनी विचारू नये. ती दोघांचीही आहे.

अब्बा मुंबईत मदनपुऱ्यात राहत आणि गिरणीत कामाला जात. आमच्यापैकी कुणाला तो काळ नीट आठवत नाही, संप झाला तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. पण अम्मीच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकला आहे की डोळ्यांसमोर उभा राहतो. गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना होता आणि त्याच्या पाटीवर खाली लहान अक्षरांत 'ई.एस.आय. पॅनल' असं लिहिलेलं होतं. अब्बांच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापले जात, मालकाला त्याहून जास्त भरावे लागत. त्याबदल्यात कामगाराने आपल्या पसंतीच्या एका पॅनल डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. एकदा नाव नोंदवलं की अंगात कणकण असो, पोराचा कान दुखो, की बाईला दिवस गेलेले असोत, त्या डॉक्टरकडे जायचं आणि खिशात हात घालायचा नाही. डॉक्टरांना पैसे मिळत ते विमा योजनेकडून, आणि तेही फेरीमागे नव्हे तर त्यांच्याकडे जितके कामगार नोंदलेले असतील तितक्या डोक्यांमागे, वर्षाच्या हिशेबाने. कामगार वर्षातून एकदा आला काय आणि वीसदा आला काय, डॉक्टरांचा मोबदला तोच.

राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा. योजना सुरू झाली १९५२ मध्ये, आधी कानपूर आणि दिल्लीत, मग मुंबईसारख्या गिरणगावांत. 'पॅनल' हा शब्द मात्र विलायतेहून आलेला. तिथे १९११ च्या कायद्याने कामगारांसाठी अशीच डॉक्टरांची यादी केली होती. त्यात कामगार होता, पण त्याची बायको आणि मुलं नव्हती. पुढे १९४८ मध्ये त्यांनी हीच सोय सगळ्या जनतेला दिली. आजही तिथला माणूस घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो आणि तपासणीचे पैसे देत नाही, सरकार देतं. आपल्याकडे ती गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या फाटकाशीच थांबली.

अम्मी एक गोष्ट नेहमी सांगते. अब्बांना खोकला होता. गिरणीत खोकला कुणाला नव्हता? सुताचा कचरा दिवसभर नाकातोंडात जायचा. अब्बा स्वतःच्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेलेच नव्हते, मोठ्या भावाला गोवर निघाला म्हणून त्याला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, आणि अब्बा बाजूला तोंडावर रुमाल धरून खोकत होते ते ऐकलं. म्हणाले, "मियां, आता तुम्ही बसा स्टुलावर." तिथल्या तिथे चिठ्ठी दिली आणि फोटो काढायला पाठवलं. अब्बा महिनाभर रजेवर होते, तेवढ्या दिवसांचा भत्ताही मिळाला. क्षय नव्हता, पण छाती बिघडत चालली होती. अम्मी म्हणते, पैसे द्यावे लागले असते तर तुझे अब्बा त्या स्टुलावर बसलेच नसते.

त्या पॅनलचं उगाच गुणगान करायचं नाही. अब्बाच सांगत, काही डॉक्टरांकडे पॅनलचा माणूस आणि रोख पैशाचा माणूस यांना वेगळी वागणूक असे. रोखवाल्याला खुर्ची, पॅनलवाल्याला बाक. बाटलीत लाल औषध भरून द्यायचं, पोटाला आणि डोक्याला एकच. रजेसाठी खोटे दाखले देणारेही होते, आणि घेणारेही. डोक्यामागे पैसे मिळणार असतील तर डोकं तपासायला वेळ कशाला घालवा, असा विचार करणारा डॉक्टर निघणारच. हे सगळं खरं आहे आणि पुढे आम्ही जे म्हणणार आहोत त्यात ते विसरून चालणार नाही.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढची कहाणी हजारो घरांची आहे. अब्बांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग बिऱ्हाड भिवंडीला हलवलं. इथे यंत्रमाग होते, काम होतं, नात्यातली माणसं होती. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, शुक्रवारी सुट्टी. नव्हतं ते फक्त कार्ड. एका छपराखाली पन्नास माग खडखडत असायचे, पण कागदावर ते चार मालकांचे चार छोटे कारखाने असत, आणि दहापेक्षा कमी कामगार असले की विम्याचा कायदा लागत नाही. अब्बांचं कार्ड पेटीत गेलं ते तिथेच राहिलं.

मग मोहल्ल्यातला दवाखाना आला. तुमच्या गल्लीतही असेल. आत गेलं की डॉक्टर साहेब हाताला हात लावतात, एक सुई, कागदाच्या पुड्यांत दोन दिवसांचा डोस, शंभर रुपये. ताप असेल तर उतरतो. आम्ही या डॉक्टरांना नावं ठेवत नाही, रात्री दोन वाजता दार वाजवलं तर तेच उघडतात. पण माणूस फक्त दुखायला लागल्यावर येणार आणि दोन दिवसांचे पैसे देणार असेल, तर डॉक्टरही दोन दिवसांपुरताच विचार करणार. बीपी आणि शुगर हे दुखणारे आजारच नाहीत, ते गुपचूप आपलं काम करत राहतात.

अम्मीला बीपी निघाला त्याला आठ वर्षं झाली. एका चांगल्या डॉक्टरांचं औषध सुरू केलं. त्यांची फी दोनशे, महिन्याला एक फेरी. गोळ्या, रिक्षा धरून सातशेच्या घरात खर्च. दोन पगार येणाऱ्या घराला हे जड नव्हतं. आम्ही दर पहिल्या तारखेला अम्मीच्या हातात पैसे ठेवायचो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजायचो. "डॉक्टरकडे गेली होतीस का?" असं विचारलं की ती म्हणायची, "हां बेटा, सब ठीक है." पुढे विचारायला आम्हाला तरी कुठे वेळ होता? शाळा, पेपर तपासणी, निवडणुकीचं काम, मुलांच्या परीक्षा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड सुरू केलं. पुढे आमच्याच शाळेत त्याचं शिबिर भरलं. अम्मी एकाहत्तर वर्षांची. आम्ही तिला खुर्चीवर बसवून तिचा अंगठा घेतला, फोटो काढला. कार्ड हातात आल्यावर तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "इस पे बीपी की गोली मिलती क्या?"

टेबलामागचा मुलगा भला होता. त्याने समजावलं, "नाही आजी, गोळ्या नाही. ॲडमिट व्हावं लागतं. ॲडमिट झालं की सगळं फुकट."

अम्मी हसली. "मतलब पहले गिरना पड़ेगा."

आम्हीही हसलो. मुलांना घरी जाऊन सांगितलं, दादी काय म्हणाली ऐका. त्या हसण्याची आता लाज वाटते.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, फजरच्या वजूसाठी उठली असताना अम्मी मोरीत पडली. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. लकवा. रिक्षातून दवाखान्यात, तिथून मोठ्या रुग्णालयात. कार्ड चाललं, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. नऊ दिवस दाखल होती, मेंदूचा फोटो, औषधं, खाट, कशाचाही एक रुपया मागितला नाही. शेजारच्या खाटेवर एका यंत्रमाग कामगाराची बायको होती, तिच्या नवऱ्याने राज्याच्या महात्मा फुले योजनेत उपचार होत असल्याचं सांगितलं आणि रडायला लागला. हे पैसे त्याच्याकडे कुठून येणार होते? जी गोष्ट चांगली आहे तिला चांगलं म्हटलंच पाहिजे.

घरी आणल्यावर तिची खोली आवरताना पानदान उघडलं. सुपारीच्या कप्प्याखाली गोळ्या होत्या. अर्ध्या अर्ध्या केलेल्या, काही पूर्ण, पत्त्यातून काढून पुडीत बांधलेल्या. डॉक्टरांच्या फाइलवरची शेवटची तारीख अकरा महिने जुनी होती.

बोलता यायला लागल्यावर आम्ही विचारलं. रागाने नाही, पण आवाज थरथरत होता. तिने तुटक तुटक सांगितलं. डॉक्टर काय करतात? दंडाला पट्टा बांधतात, फुगवतात, लिहितात आणि दोनशे घेतात. पट्टा बांधायचे दोनशे? दुखत तर काही नव्हतं. त्या पैशांतून तिने घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीची शाळेची फी भरली होती, आणि उरलेले आमच्याच मुलांना ईदीत दिले होते.

वाचकहो, इथे आम्ही गप्प झालो. पगारदार घरातली, खायला-प्यायला कमी नसलेली बाई दोनशे रुपयांच्या तपासणीला फुकट खर्च समजते, तर मीटरवर मजुरी मिळवणारा माणूस काय समजत असेल? फी परवडत नाही एवढीच गोष्ट नाही. दुखत नसताना पैसे द्यायला हात धजत नाही. आणि ज्या वेळी हात धजत नाही नेमकी त्याच वेळी सरकारही पैसे देत नाही. तो जमिनीवर पडला की दोघेही देतात.

रुग्णालयाने सोडताना दिलेल्या कागदावर योजनेतून किती रक्कम गेली ते लिहिलं होतं. आकडा पाच अंकी होता. त्यात अम्मीच्या कित्येक वर्षांच्या डॉक्टरच्या फेऱ्या आणि गोळ्या भागल्या असत्या. आणि आता? सोडल्यानंतर थोडे दिवस कार्डाची सोबत असते, पुढचं आपलं आपण. फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते, एका वेळचे चारशे. आठवड्यातून चार दिवस. महिन्याचे सहा हजारांच्या वर.

आम्हा शिक्षकांचीही तीच कथा. सरकारी नियमाने वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, पण खासगी रुग्णालयाचं बिल असेल तर २००५ च्या शासन निर्णयातले २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार पाहायचे. बिल घेऊन शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात सहीसाठी चकरा मारलेले शिक्षक हे वाचताना मान डोलावतील. मास्तरांच्या छातीत कळ आली तर शासन हजर, पण ती येऊ नये म्हणून मास्तर दर महिन्याला डॉक्टरकडे गेले तर तो त्यांचा खासगी मामला.

मोफत सेवा नाहीतच असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क आहे. त्याच वर्षी १ मेपासून तालुक्यांत 'आपला दवाखाना' सुरू झाला, दुपारी २ ते रात्री १०. ही वेळ ज्याने ठरवली त्याला मजुरांचं घर माहीत असावं. लकव्यानंतर आम्ही अम्मीच्या गोळ्यांसाठी अशाच एका सरकारी दवाखान्यात गेलो. माणसं चांगली होती. गोळ्या मिळाल्या, दहा दिवसांच्या. दहा दिवसांनी पुन्हा गेलो तर डॉक्टर नवीन. महिन्याने गेलो तर तिसरे. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येक जण कंत्राटावर, प्रत्येक जण कुठल्या तरी परीक्षेच्या तयारीत. कुणालाच 'माझी रुग्ण' असं म्हणायला वेळ मिळाला नव्हता. अम्मी अकरा महिने आली नाही, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं असतं का?

अब्बांच्या पॅनलमध्ये एवढी एक गोष्ट होती. वहीत नाव होतं. अमुक घर अमुक डॉक्टरचं, हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणून आम्हाला वाटतं, नवी योजना शोधायला लांब जायला नको. ती आमच्या पेटीत आहे. प्रत्येक कुटुंबाने घराजवळच्या एका डॉक्टरकडे नाव नोंदवावं, सरकारी असो वा ठरलेल्या पात्रतेचा खासगी. सरकारने त्या डॉक्टरला कुटुंबामागे वर्षाचे पैसे द्यावेत. रुग्णाने तपासणीला एक रुपया देऊ नये. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळाव्यात. आणि पॅनलमध्ये जे बिघडलं ते इथे बिघडू नये म्हणून पैशाचा एक हिस्सा राखून ठेवावा. नोंदलेल्या चाळिशीवरच्या माणसांपैकी किती जणांचा बीपी वर्षात मोजला, किती जणांचा आटोक्यात आहे, जे आले नाहीत त्यांच्याकडे कुणाला पाठवलं, हे पाहून तो द्यावा. बाकावर बसवणाऱ्या डॉक्टरला सोडून दुसरीकडे नाव नोंदवायची मुभा असावी. मग बाक आपोआप खुर्ची होईल.

पैसे कुठून आणायचे, असं आमचे एक सहकारी विचारतात. ते गणित शिकवतात. भोर समितीने १९४६ मध्येच म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर लिहूनच ठेवलं आहे की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग प्राथमिक सेवांवर जावा. आम्ही नवं काही मागत नाही, लिहिलेलं करा म्हणतो. जाहिरात मात्र पाच लाखांचीच होते, कारण पाच लाख हा आकडा फलकावर मोठा दिसतो. 'तुमचा बीपी मोजला' हे कुठल्या फलकावर लिहिणार?

आणि सरकारला बोल लावताना आपल्या अंगणातही पाहावं. आमच्या मोहल्ल्याच्या बैतुलमालची वही गेल्या रमजानमध्ये आम्हीच लिहिली. ऑपरेशनसाठी दहा हजार, डायलिसिससाठी पाच हजार, मय्यतीच्या खर्चासाठी तीन हजार. गरजवंत होते, द्यायलाच हवे होते. पण सबंध वहीत कुणाच्या महिन्याच्या गोळ्यांचे दोनशे रुपये एकदाही सापडले नाहीत. कुणी मागितलेच नाहीत. दोनशे रुपये मागायला लाज वाटते, दहा हजारांना वाटत नाही. आपणही तेच करतो, माणूस पडेपर्यंत थांबतो.

अम्मी आता काठीने मोरीपर्यंत जाते. तस्बीह डाव्या हाताने फिरवते. आम्ही बीपी मोजायचं यंत्र आणलं आहे आणि दर शुक्रवारी जुम्यानंतर तिचा आकडा वहीत लिहितो. पहिल्या आठवड्यात शेजारच्या खाला येऊन बसल्या, "जरा मेरा भी देखो." त्यांचा वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. त्यांना काहीच होत नव्हतं. आता अकरा बायका येतात. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगत नाही, फक्त आकडा चिठ्ठीवर लिहून 'आपला दवाखाना'त पाठवतो. चौघी गेल्या. बाकीच्या म्हणतात, देखेंगे.

त्या अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे घेऊन आम्ही एक अर्ज केला आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या घरांची नोंद एकाच दवाखान्यात ठेवावी, जुनाट आजाराची औषधं तीस दिवसांची द्यावीत आणि जो येणार नाही त्याच्या घरी आशाताईंना पाठवावं, एवढंच त्यात आहे. अर्ज मराठीत आहे, खाली उर्दूत सह्या. कारकुनाने विचारलं, हे कुणाचं अक्षर? आम्ही नावं वाचून दाखवली. त्याने पोच देताना स्वतःच्या आईच्या शुगरबद्दल विचारलं, यंत्र कितीला मिळतं म्हणून.

पोचेचा कागद अम्मीच्या पेटीत, दोन कार्डांच्या खाली ठेवला आहे. उत्तर आलं तर याच मासिकातून कळवू.